चंद्रानं सोडलेलं दही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, देवाला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं? जेवलो. माझ्या ताटात दहीभात, माझ्या बायकोच्या, चंद्राच्या ताटात सारभात. मी भुरके मारत होतो आणि ती हसत होती — "सावकाश हो, दही काय पळून जातंय?" मग तिनं माझ्यासाठी उद्याचं विरजण लावलं आणि झोपली. बंगळुरात जन्मलेली, वाढलेली बाई, आणि स्वतः दही तोंडात घालत नव्हती! का, ते ऐका.

मी शिंपी. चिकपेटच्या मागच्या गल्लीत दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण तोंड वकिलाचं, असं चंद्रा म्हणायची. लेक सुनंदा कपड्यांच्या कारखान्यात जायची, तिची मीनू आमच्या दोघांच्या अंगाखांद्यावर वाढली. जन्मली आणि डोकं मोठं होत चाललं — आत पाणी साचत होतं. मोठ्या इस्पितळात नळी घातली. कानामागून, मानेच्या कातड्याखालून, छातीवरून थेट पोटात. डोक्यातलं पाणी पोटात उतरायचं, तिथंच जिरायचं. पोरगी टुणटुणीत झाली. डॉक्टरांनी मला बजावलं — ताप, उलटी, खोकला, धाप, काहीही होवो, तपासणाऱ्याला आधी नळीचं सांगायचं. मी कन्नडात म्हणालो, सरी, सरी — बरं, बरं.

आणि घरी येऊन मी काय केलं? झालर शिवली. मानेवर ती नळी दोरीसारखी दिसायची ना — म्हणून उंच गळा, गळ्याला झालर, झालरीवर आणखी एक झालर. बायका थांबून कौतुक करायच्या. तेव्हा धाकट्या लेकीचं लग्न जुळवत होतो. आमची शिंप्यांची वस्ती ती केवढी — एक शिंकला की दुसरा नाक पुसतो. घराण्यात खोट आहे म्हणतील... एवढीच भीती.

मीनू पावलं टाकायला लागली होती, तेव्हा खोकायला लागली. स्वल्प धापही होती. मी तिला इस्पितळात न्यायचं सोडून गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. ते आपल्यातलेच, आणि दवाखान्यात अर्धी वस्ती बसलेली. तपासायला त्यांनी झालर वर करायला हात घातला — तो हात मी धरला. म्हणालो, थंडी वाजेल हो पोरीला. त्यांनी कापडावरूनच ऐकलं, सर्दी म्हणाले, औषध दिलं. घरी चंद्रानं विचारलं, "नळीचं सांगितलंत ना?"

"सांगितलं."

एवढाच शब्द. बाकी माझं आयुष्यभराचं बोलणं एकीकडे आणि तो एकीकडे.

ती म्हणाली, मग माझ्या दह्यानंच झालं हे. आपल्या ताटातलं गार दही तिनं पोरीला चाटवलं होतं. औषध चालू राहिलं, धाप वाढत गेली, आणि ओठ निळे पडले तेव्हा रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात पळालो. फोटोत छातीची एक बाजू पांढरीफटक. सुई घालून पाणी काढलं — नितळ, नळाच्या पाण्यासारखं. नळीचं पोटातलं टोक वर सरकून छातीत शिरलं होतं, आणि डोक्यातलं पाणी फुप्फुसाभोवती साचत होतं. असं क्वचितच होतं, डॉक्टर म्हणाले. मी दह्याचं विचारलं. ते हसले. दह्याचा काय संबंध, अण्णा? टोक आपलं आपण सरकतं. पण नळीचं पहिल्याच दिवशी कुणाला कळलं असतं, तर पोरीला एवढं भोगावं लागलं नसतं.

चंद्रा बाहेर बाकावर. तिला मी सांगितलं — नळी सरकली. बस. ती म्हणाली, खोकल्यानंच सरकली असणार, आणि खोकला माझ्यामुळे. तिथंच पदर पसरून तिनं दही सोडलं. पोर वाचली तर जन्मभर खाणार नाही.

पोर वाचली. दह्याचा संबंध नाही, एवढं सांगायला माझं काय जात होतं? पण मग तिनं विचारलं असतं, सांगूनसुद्धा त्या गल्लीतल्या डॉक्टरला कसं कळलं नाही? एक टाका उसवला की शिवण उसवते, हे शिंप्याला कुणी शिकवायचं? मी गप्प राहिलो. आणि रोज तिच्यासमोर बसून दहीभात खाल्ला — तिनंच लावलेल्या दह्याचा.

मीनू आता शाळेत जाते. झालर तिनं माझ्याच कात्रीनं कापून टाकली. नळावर बायका भांडायला लागल्या की ही मध्ये उभी राहून सांगते, "तुमच्या नळाला दिवसाआड पाणी, माझ्या डोक्यातल्या नळाला रोज!" सगळी गल्ली हसते. चंद्रा तर पोट धरून हसायची. धाकटीनं आपलं लग्न आपणच जुळवलं, कन्नड मुलाशी — त्यानं ती नळी बोटानं चाचपून पाहिली आणि मीनूला चॉकलेट दिलं. झालं. एवढ्यासाठी माझ्या त्या झालरी!

माझ्यासाठी विरजण लावून झोपली, त्या रात्रीनंतर चंद्रा उठली नाही. हाक मारली, हलवलं — गार होती. मेल्या माणसाच्या घरातलं शिजलेलं, विरजलेलं सगळं टाकून देतात. माणूस नेईपर्यंत घरच्यांनी तोंडात काही घालायचं नसतं. मला माहीत आहे. मी स्वयंपाकघरात गेलो. दही लागलं होतं, सुरीनं कापावं असं घट्ट. पातेलं घेऊन तिच्या उशाशी बसलो आणि सगळं खाल्लं, बोटांनी, तळ खरवडून. मग हात धुतले आणि सुनंदाला हाक मारली.