बोटीवर आई दिवसभर दात घालायची

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट, कोंदट खोली होती. तिथे ती कवळ्या बनवायची, म्हणून सगळे तिला कवळीताई म्हणत. पुढे डॉक्टर लोकांच्या जबड्याची मापं घेत. मागे ही त्या मापात प्लॅस्टर ओतायची, मेणात एकेक दात रोवायची, गुलाबी हिरडी जमवायची आणि मग फिरत्या चाकावर कवळी अशी घासायची की जीभ फिरवली तर कुठे अडू नये. संध्याकाळपर्यंत भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि पाठीचा काटा ढिला. “अर्धं शहर माझ्या दातांनी हसतं,” असं ती म्हणायची. स्वतः हसायला तिला फारसा वेळ नव्हता.

घरी आई होती. बहिरी, गुडघ्यांनी अधू, आणि जिभेने मात्र ठणठणीत. तिचे दातही कवळीताईनेच केलेले, जीव ओतून केलेले. पण बघावं तेव्हा ते बेसिनवरच्या फळीवर, ग्लासातल्या पाण्यात पडलेले असत.

“टोचतात,” आई म्हणायची. “जगाच्या कवळ्या करते आणि आईच्या हिरड्या सोलते.”

कवळीताईने ते दात कितीदा तरी दवाखान्यात नेऊन पुन्हा घासून आणले. शेवटी तिने हात टेकले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

मधे एकदा आई न्हाणीघरात घसरली. तेव्हापासून आई उठली की कवळीताई उठायची. आई रात्रीत कितीदा उठायची हे विचारू नका. एका दुपारी चालू चाकापुढे कवळीताईचा डोळा लागला आणि चाकाने तिच्या अंगठ्याचं नख सोलून नेलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, “ताई, एक तर झोप घ्या, नाही तर काम सोडा.” काम सोडलं तर खायचं काय? म्हणून ती शहराबाहेरचा एक वृद्धाश्रम बघून आली. जागा स्वच्छ होती. पुढच्या महिन्यापासून एक खाट रिकामी होणार होती. कवळीताईने हो म्हटलं आणि घरी येऊन कुकर लावला.

आता आईला सांगायचं कुणी? तिने परदेशातल्या धाकट्या भावाला फोन लावला. लाइन खराब, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागलं. आई आतल्या खोलीत होती, दार लोटलेलं होतं आणि कानांचा तसा भरवसा होताच.

“चांगलं आहे रे तिथे! डॉक्टर असतो, जेवण वेळेवर, बेल दाबली की माणूस येतो! तिच्या वयाची माणसंही आहेत! एकदा तिला नेऊन सोडलं की मी जरा झोपेन तरी!”

धाकट्याचा गळा दाटून आला. लांब राहणाऱ्यांचा येतो तसा. मग त्याने तोडगा काढला. आईला आधी छान बोटीवरच्या सहलीला ने, तिकिटं माझ्याकडून. चार दिवस समुद्र बघेल, खुलेल, मग हळूच सांग.

“आणि भडकली म्हणजे?”

“बोटीवरून उठून कुठे जाणार आहे?” धाकटा म्हणाला. तो लहानपणापासून असाच हुशार.

सहलीला जायचं म्हटल्यावर आई नेहमीसारखी भांडली नाही. “कधी निघायचं?” एवढंच तिने विचारलं. बॅगही स्वतः भरली. ती उचलताना कवळीताईच्या खांद्यातून कळ गेली. उघडून बघते तर लोकरीचा जाड कोट, दोन्ही शाली, घरातली जुनी चप्पल आणि वर कपड्यात गुंडाळलेला बाबांचा फोटो.

“अगं, चार दिवसांना बाबा कशाला?”

“असू दे. त्यांनाही बदल.”

कवळीताईने वाद घातला नाही. वाद घालायला अंगात जोर लागतो.

बोट म्हणजे एक आडवी पाडलेली इमारतच होती. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, भिंतीला धरून चालायला दांडा. त्यांची खोली आगपेटीएवढी, पण उशाशी बेल, न्हाणीघरात धरायला कडी आणि उंबरठ्यालाही पिवळी पट्टी. आईने प्रत्येक वस्तूला हात लावून बघितलं. बेल दाबून बघितली. खोली आवरणारा चाळिशीचा गृहस्थ धावत आला, तेव्हा आई म्हणाली, “काही नाही हो, येता का ते बघितलं.” आणि त्याच्याकडे बघून गोड हसली.

दात घालून हसली. कवळीताई बघतच राहिली.

पुढे रोज तेच. सकाळी कवळीताई उठायच्या आत आई दात बसवून, केस चापून, ठेवणीतले कपडे घालून खुर्चीत ताठ बसलेली. जेवणघरात पाव चावायची, सफरचंदसुद्धा चावायची, वाढप्याला “किती दमता हो तुम्ही” म्हणायची. जिने पुसणाऱ्या बाईची, जहाजावरच्या डॉक्टरची, ज्याची त्याची चौकशी. घरी शेजारणीला दारात उभी न करणारी ही बाई इथे नुसती साखर पेरत सुटली होती.

पहिल्या दिवशी कवळीताईला बरं वाटलं. कारागिराला वाटतं तसं. दात उत्तम बसले होते, हसताना वरची ओळ अगदी हवी तेवढीच दिसत होती. दुसऱ्या दिवशी मात्र तिला राग यायला लागला. म्हणजे दात टोचत नव्हते तर! परक्यांसाठी दात, परक्यांसाठी हसू, आणि आपल्या वाट्याला बोळकं तोंड आणि टोमणे. मनातल्या मनात ती म्हणाली, बरं झालं. जिला परकीच माणसं गोड लागतात, ती परक्यांत सुखाने राहील.

असं म्हणूनही सांगायला तोंड काही उघडेना.

एक तर ती नुसती झोपत होती. डेकवरच्या आरामखुर्चीत टेकली की संपलं. पहिलं बंदर आलं नि गेलं, लोक उतरून टोप्या विकत घेऊन आले, हिने घोरण्याव्यतिरिक्त काही केलं नाही. जाग आली की अंगावर शाल असायची. दुसरं म्हणजे आईशी बोलायचं तर ओरडायला हवं, आणि बोटीवर ओरडायला जागा नाही. एकदा कठड्यापाशी दोघीच होत्या, तेव्हा तिने धीर केला.

“आई, मला तुला एक सांगायचंय! पुढच्या महिन्यापासून…”

“काय? वारा फार आहे!”

“पुढच्या महिन्यापासून! तुला!”

शेजारी फोटो काढत असलेलं एक जोडपं वळून बघायला लागलं. ‘वृद्धाश्रम’ हा शब्द काही समुद्रावर बोंबलून सांगायचा नसतो. “थंडी पडेल!” एवढं ओरडून कवळीताई गप्प बसली.

“कोट आणलाय मी,” आई म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासोबत निळ्या टोपीच्या एक बाई बसत. ऐंशीच्या पुढच्या, पैसेवाल्या. घर विकून टाकलं आणि आता वर्षभर याच बोटीवर राहते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. प्रवासी चढतात नि उतरतात, मी आहे तिथेच. आईने त्या बाईंना अगदी धरूनच ठेवलं. आजारी पडलं तर कोण बघतं? गरम पाणी सकाळी किती वाजता? ही माणसं ओरडत नाहीत ना? कवळीताई शेजारच्या खुर्चीत पेंगत अर्धवट ऐकत होती. म्हाताऱ्यांना म्हाताऱ्यांची सोबत बरी, असं तिच्या मनात आलं आणि परत डोळे मिटले.

शेवटची संध्याकाळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं, म्हणून जेवण झाल्यावर सगळ्यांनी आपापल्या बॅगा दाराबाहेर ठेवाव्यात अशी सूचना झाली. आज सांगितलं नाही तर कधीच नाही, हे कवळीताईला कळत होतं. ती वर गेली, दोन कप चहा घेतले, एक तिथेच उभ्याने प्याली आणि दुसरा घेऊन खाली आली.

बोळात प्रत्येक दारापुढे बॅगा जोडीने उभ्या होत्या. त्यांच्या दारापुढे एकच होती. तिची. पट्टा आवळून, गाठ मारून.

आत आई पलंगावर बसली होती. ताठ, दात घालून. कपाट उघडं होतं आणि त्यात आईचे कपडे होते तसेच टांगलेले. लोकरीचा कोट, शाली. खाली जुनी चप्पल जोडून ठेवलेली. उशाशी बाबांचा फोटो.

“तुझी भरली बॅग,” आई म्हणाली. “अंगठ्याचं मलम बाजूच्या कप्प्यात आहे. लावत जा आठवणीने.”

“आणि तुझी?”

“माझी कशाला?”

कवळीताईने कप खाली ठेवला.

“तू सांगणार सांगणार म्हणून वाट बघितली,” आई म्हणाली. “मग म्हटलं, पोरीला जड जात असेल. मी ऐकलं होतं त्या दिवशी फोनवर. डॉक्टर असतो, बेल दाबली की माणूस येतो. खरंच येतो गं. जागा चांगली आहे. हलते जरा, पण त्या निळ्या टोपीवाल्या म्हणाल्या की होते सवय. तू रडूबिडू नकोस. मी कुणाला काही त्रास दिलेला नाही, हवं तर विचार त्यांना.”

कवळीताईला आधी हसूच फुटलं. काय हे, आई! अगं, ही सहल आहे, उद्या उतरायचंय आपल्याला! ओठांवर आलेलं हे वाक्य ती बोलून टाकणार होती. मिठी मारून, डोळे पुसून, वेडी कुठली असं म्हणून मोकळी होणार होती. पण बोलता येईना. कारण आईचं चुकलं होतं ते फक्त जागेपुरतं. बाकी सगळं तिने बरोबर ऐकलं होतं.

आणि मग तिच्या लक्षात आलं की हे चार दिवस आई सहलीला आलेलीच नव्हती. ती राहायला आली होती. सफरचंदं, चौकशा, ठेवणीतले कपडे, सगळं त्यासाठी होतं. आपल्याला इथे ठेवून घ्यावं, उद्या लेक उतरून गेल्यावर कुणी आपल्यावर खेकसू नये, म्हणून म्हातारी एकटीने तयारी करत होती. आणि लेक आरामखुर्चीत घोरत होती, तर उठून तिच्या अंगावर शाल घालत होती. कवळीताईला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ती आईच्या शेजारी बसली आणि त्यातल्या त्यात ऐकू येणाऱ्या कानाशी तोंड नेलं. इतक्या वर्षांत हे कधी सुचलंच नव्हतं. नेहमी खोलीच्या त्या टोकावरून ओरडायचं.

“आई, इथे नाही,” ती हळू म्हणाली. “उद्या दोघींनी घरी जायचंय. पण पुढच्या महिन्यात… शहराबाहेर एक आश्रम आहे. मी बघून आलेय. मला आता होत नाही गं. खरंच होत नाही. बसने जाता येतं, मी दर रविवारी येईन.”

बोळातून कुणीतरी बॅगा गाडीवर चढवत चालल्याचा आवाज येत राहिला.

“म्हणजे हे नाही,” आई शेवटी म्हणाली. “ते वेगळं.”

“हो.”

“तिथली माणसं निराळी.”

“हो.”

आईने मान हलवली. मग तिने दोन बोटं तोंडात घातली, आधी वरचे दात काढले, मग खालचे, आणि कवळीताईच्या हातावर ठेवले. ओले आणि गरम. कवळीताईने सवयीने तिची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. खालच्या हिरडीवर दोन्ही बाजूंनी सालं गेली होती. एका ठिकाणी पांढरा व्रण पडला होता, चांगला खोल. या तोंडाने ती सफरचंद खात होती.

“अगं, बोलली का नाहीस? काढून ठेवायचे ना!”

“बोळक्या म्हातारीला कोण विचारतं?” आई म्हणाली. गाल आत गेले होते, घरच्यासारखे. ती दातांकडे बघत राहिली. “तिथेही दिवसभर घालून बसावं लागेल का गं?”

कवळीताईने उठून ग्लासात पाणी भरलं, दात त्यात सोडले आणि परत येऊन त्याच कानाशी बसली.

“नाही. तिथे नाही घालायचे. मी सांगून ठेवीन त्यांना.”

“विसरशील,” आई म्हणाली. “तुला कुठे काय लक्षात राहतं! चहा तेवढा गार करून आणलास.” मग तिने गुडघ्यांवर हात टेकले, कण्हली आणि कपाटाकडे बोट केलं. “आता माझ्या तोंडाकडे काय बघत बसलीस? माझी बॅग काय तुझे बाबा फोटोतून उतरून भरणार आहेत?”