आतल्या माणसाला मायना

फोन आला तेव्हा लिफ्टवाला लिफ्टच्या आतही नव्हता आणि बाहेरही नव्हता, टपावर होता! दोन मजल्यांच्या मधे, अंधाऱ्या शाफ्टमध्ये, एका हातात ग्रीसचा डबा. फोनवर पेशीदान केंद्रातल्या बाई होत्या.

"तुमचं जुळलं," बाई म्हणाल्या.

"काय जुळलं?"

"अहो, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून दिला होतात ना, मागे शिबिरात? एका रुग्णाशी तंतोतंत जुळतंय. द्याल ना रक्तातल्या मूळ पेशी?"

"द्याल ना म्हणजे काय! आत्ता येऊ का?" तो असा काही ओरडला की आवाज तळमजल्यापासून गच्चीपर्यंत घुमला. वरच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून "पडला गं बाई, लिफ्टवाला पडला!" म्हणत जिन्यात धावल्या. खाली उतरल्यावर त्याने त्यांनाच आधी बातमी दिली. मग वॉचमनला, मग दूधवाल्याला, मग ज्याने विचारलं नव्हतं त्यालाही. घरी पोचेपर्यंत बायकोला ती तीन जणांकडून कळलेली होती.

आता हा गडी कसा, ते सांगायला हवं. उंचीने बेताचा, आवाजाने दणकट. अर्धं आयुष्य बंद पडलेल्या लिफ्टच्या दारात उभं राहून आतल्या न दिसणाऱ्या माणसाशी बोलण्यात गेलेलं. कामावर नवा होता तेव्हा एकदा दाराला तोंड लावून ओरडला होता, "काय रे, फाटली का?" दार उघडलं तर आतून मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाहेर आल्या! त्यांनी तिथेच त्याची अशी काही खरडपट्टी काढली की त्याच्या उस्तादालाही मान खाली घालावी लागली. उस्ताद नंतर एवढंच म्हणाला, "गाढवा, दार उघडेपर्यंत आतला माणूस साहेब असतो."

तेव्हापासून हा दाराबाहेर उभा राहिला की आधी नमस्कार आणि मग आपण-आपण. एकदा लिफ्टमध्ये नुसताच कुत्रा अडकला होता. हा बाहेरून विचारतोय, "आपण जरा मागे सरकता का?" आणि आतून उत्तर येतंय, भो! त्यावरून वस्तीत त्याची अजून टिंगल होते. होऊ दे. त्याला काही फरक पडत नाही.

तर पेशी द्यायच्या ठरल्या, तपासण्या झाल्या, पेशी वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली, हाडं ठणकू लागली. त्याचं त्याला काही नाही. घोडं अडलं ते वेगळीकडेच. केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, "पेशींच्या पिशवीबरोबर एक पत्र पाठवता येतं. रुग्णाला तेवढाच आधार. पण नाव नाही, गाव नाही, धंदा नाही. तसलं काही दिसलं की मी खोडणार."

"आणि रुग्ण कोण? बाई की पुरुष? म्हातारा की तरणा?"

"तेही सांगता येत नाही. नियम आहे." मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आजाराबरोबर त्यांची स्वतःची रक्त बनवायची ताकदही औषधांनी संपवलीय. आता माघार नाही. बंद खोलीत आहेत, एकटे. तुमच्या पेशी रुजल्या तर रुजल्या."

 म्हणजे एक जीव दाराआड अडकलाय आणि बाहेरून पहिला आवाज जाणार तो आपला. तोच चुकीचा लागला तर?

पेशी द्यायच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दरबार भरला. तो, बायको आणि कॉलेजात जाणारी लेक. त्याने पहिली ओळ वाचून दाखवली. "आदरणीय महोदय अथवा महोदया, आपणांस कळविण्यात येते की…"

"अहो, माणूस आजारी आहे!" बायको म्हणाली. "पाणी बंद राहणार असल्याच्या नोटिशीसारखं काय लिहिताय?"

"मग चिरंजीव लिहू?"

"आणि आजोबा निघाले तर?"

"तीर्थरूप?"

"आणि शाळकरी पोर निघालं तर?"

"बाबा, सरळ 'हाय' लिहा ना," लेक म्हणाली. "आणि तू म्हणा. आपुलकी वाटते."

"अनोळखी माणसाला तू? जीभ झडेल माझी!"

"मग 'प्रिय मित्र' लिहा."

"बाई असेल तर गैरसमज होईल," बायको लगेच म्हणाली. लेक हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. हा मात्र रडकुंडीला आला. शेवटी टेबलावर कागदाचे बोळे उरले, जेवणं गार झाली आणि पत्र काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तो केंद्रात पोचला तो कोऱ्या कागदानिशी. तिथे काय, आडवं पडायचं. एका हातातून रक्त निघून मशीनमध्ये जातं, मशीन पेशी वेगळ्या काढतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातात परत येतं. दोन्ही हातांत सुया, आता लिहिणार कशाने? बायको उशाशी पेन घेऊन बसली. म्हणाली, "सांगा पटापट. पिशवी निघाली की निघाली."

 ज्याचं तोंड अर्ध्या वस्तीला बंद करता येत नाही, तो छताकडे बघत नुसता ओठ हलवतोय! पिशवी भरत होती तसतसा त्याचा धीर सुटत होता.

तेवढ्यात पडद्यापलीकडच्या पलंगावरचं मशीन ठणाणा वाजायला लागलं. पलीकडे कुणीतरी घाबरून मोठमोठ्याने श्वास घेत होतं. नर्स खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. याने विचारबिचार काही केला नाही. सवयीने आवाज लावला.

"नमस्कार! मी इथे बाहेरच आहे. आपण घाबरू नका. आवाज होतोय तो होऊ द्या, तो मदत मागायचाच आवाज आहे. आपण फक्त श्वास सावकाश घ्या. वेळ लागेल, पण दार उघडणार. उघडेपर्यंत मी इथून हलणार नाही."

नर्स धावत आली, नळीची घडी सरळ केली, मशीन गप्प झालं. पडद्यापलीकडून बारीक आवाज आला, "थँक्यू हां."

याने मान वळवली तर बायकोचं पेन कागदावर झरझर चाललेलं.

"काय लिहितेस?"

"झालं पत्र," ती म्हणाली आणि डोळे पुसले. "मूर्खासारखे काल बोळे करत बसलो."

बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि त्यातलं अक्षरही न खोडता पिशवीबरोबर पाठवलं.

पुढे? पुढे काहीच नाही! हा दर महिन्याला केंद्रात फोन करायचा. बाई म्हणायच्या, "सांगता येत नाही." मग याची चिडचिड. "सांगता येत नाही म्हणजे वाईट झालं का? आपण-आपण करून मी त्याला परकं तर नाही केलं?" बायको समजूत काढायची, लेक चेष्टा करायची. पण फोन वाजला की तिघंही आधी पडद्यावरचा नंबर बघायची.

वर्ष उलटून गेलं. एका भर दुपारी तो गच्चीवरच्या मशीन रूममध्ये ब्रेक तपासत होता आणि मोबाइलवर ईमेल आला. केंद्रातून, पुढे पाठवलेला. त्याने ग्रीसचे हात पँटला पुसले आणि मोठ्याने वाचायला लागला.

"नमस्कार. मी आता नऊ वर्षांची आहे. तुम्ही काका आहात का मावशी, ते बाई सांगत नाहीत. हॉस्पिटलमध्ये सगळे मला पिल्लू म्हणायचे आणि मला न विचारता सुई टोचायचे. तुमच्या पत्रात मी 'आपण' होते. मला कुणी कधीच आपण म्हणालं नव्हतं. मी डॉक्टरांना सांगितलं, मला आपण म्हणा, तरच औषध घेईन. मग ते रोज दाराबाहेर थांबून विचारायचे, आपण कडू गोळी घेता का? मग मी घ्यायचे. खूप कडू होती. तुम्ही दाराबाहेर थांबलात त्याबद्दल थँक्यू. आता थांबू नका, दार उघडलं. मी घरी आहे. घरी मला परत सगळे पिल्लू म्हणतात. चालतं."

 एवढा दणकट आवाजाचा बाप्या, पण मोठ्याने हुंदके द्यायला लागला. मग रडता रडताच हसू फुटलं आणि त्याने बायकोला फोन लावला.

"अगं! अगं, घरी आलीय ती!"

"कोण आलीय?"

"ती गं! ती आतली! घरी आलीय!"