कपाटातला गुलाबी मनोरा

तुमच्या गावच्या बालवाडीत काचेचं कपाट असेल, तर त्याची चावी कुणाकडे असते हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

आमच्या कपाटाची चावी बाईंच्या कमरेला असायची. कारापूरजवळ बाईंच्या घराच्या पडवीत आमची बालवाडी भरते. मी तिथे मदतनीस म्हणून लागले तेव्हा पाटीवर ‘मोंटेसरी’ हा शब्द ठळक रंगवलेला होता आणि मोंटेसरीचं सगळं साहित्य कुलपात होतं. दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, बटणं लावायच्या चौकटी, खरखरीत कागदाची अक्षरं, सगळं आलं तसं प्लास्टिकसकट. मुलं समोर सतरंजीवर बसून पाटीवर रेघा ओढायची. पालक आले की बाई कपाटाकडे हात करून म्हणायच्या, “आमच्याकडे सगळं आसा.”

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या चळवळीतल्या घरी जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. तेव्हा मी पहिल्याच महिन्यात पत्रक लिहिलं, ‘मुलांचे हात मोकळे करा’. डिचोलीच्या आणि पेडण्याच्या बाजारात वाटलं. पेडण्याच्या भाजीवालीने माझ्यादेखत त्यात मिरच्या बांधल्या. एक प्रत बाईंना दिली. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, “बरं लिहिलंस गो,” म्हणाल्या आणि घडी करून कपाटाच्या आखूड पायाखाली सरकवली.

बाई दुष्ट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. पण त्या पोरांची नाकं स्वतःच्या पदराने पुसायच्या. कुणी उपाशी आलं तर पाववाल्या पोदेराकडून घेतलेला आपला पाव त्याला द्यायच्या. “एक ठोकळो सांडलो तर परत हाडतलो कोण?” त्या मला विचारायच्या. “मग बाकीच्या पोरांनी काय अपुरा मनोरा बघायचा?” सगळ्यांना पुरावं म्हणून कुणालाच द्यायचं नाही, असं ते प्रेम होतं.

पावसाळ्यात एक चार वर्षांची मुलगी आली. बेळगावकडची. वडील गवंडी, आई त्याच साईटवर घमेली उचलायची. मुलगी पेन्सिल हातात धरत नव्हती. दिवसभर कपाटासमोर उभी राहायची, काचेला नाक लावून. काचेवर नाकाचा ठसा उठायचा. दर शनिवारी मी तो पुसायचे. काच कागदाने चांगली निघते आणि उरलेली पत्रकं माझ्याकडे भरपूर होती.

दसऱ्याआधीच्या शनिवारी बाईंनी तिच्या आईला थांबवलं.

“पुढच्या वर्षी आण तिला. पेन्सिल धरत नाही, एका जागी बसत नाही. दसऱ्यानंतर नाव काढते.”

“ऱ्हाऊ दे की बाई हितं,” आई म्हणाली. “तिकडं वाळूच्या ढिगावर बसवावं लागतंय. सळया पडलेल्या असत्यात. माझा अर्धा जीव तिच्यात नि अर्धा घमेल्यात.”

“शिकत नाही ती. नुसती बसवून काय करू?”

माझ्या पत्रकाचा तिसरा परिच्छेद नेमका याच प्रसंगासाठी होता. तो माझ्या जिभेवर आलाही. पण मी काच पुसत होते, ती पुसत राहिले.

खंडेनवमीला बाईंनी कपाट उघडलं. वर्षातून एकदाच उघडायचं ते. साहित्य पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, मनोऱ्याला झेंडूचा हार घातला. मुलांनी हात जोडले. मग सगळं हारासकट आत गेलं आणि कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतर मुलगी आली आणि पुन्हा काचेला चिकटली. आतला हार सुकला होता.

“आमच्या बाबाच्या थापीला बी हार घातलाव्हता,” ती मला म्हणाली. “ओळंब्याला बी.”

“हो? मग?”

“काल आईनं हार काढला. आज बाबा थापी घिऊन कामाला गेला.” तिने कपाटाकडे बोट केलं. “हे कधी जाणार?”

“कुठे?”

“कामाला.”

बाई मागेच उभ्या होत्या. पुजलेलं हत्यार दसऱ्यानंतर कामाला लागतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. त्यांनी हळूच कमरेची चावी सोडली, कपाट उघडलं आणि मनोऱ्याचा हार काढला. “खरं गो चेडवा,” म्हणाल्या, “देवाक काय सांगू मी?”

मुलीने सगळ्यात मोठा ठोकळा दोन्ही हातांनी आणून सतरंजीवर ठेवला. त्यावर दुसरा. मग खाली वाकून, एक डोळा मिटून कड पाहिली, गवंडी पाहतो तशी. सातवा वाकडा बसला. तिने तो काढला, पुन्हा लावला. बाई जमिनीवर बसल्या होत्या.

संध्याकाळी आई आली, ती दारातच थांबली. “नाव काढलासा?”

“उद्या वेळेवर धाड,” बाई म्हणाल्या.

“पेन्सिल धरली व्हय?”

“धरील. हात शिकतात आधी.”

महिन्याभरात सगळ्यात लहान ठोकळा हरवला. बाईंनी दोन दिवस घर पालथं घातलं, मग सुताराकडून फणसाच्या लाकडाचा करून आणला. आता आमच्या गुलाबी मनोऱ्याचं टोक पिवळं आहे. मुलगी परवा स्वतःचं नाव लिहायला शिकली. चावी दाराजवळच्या खिळ्याला असते, पोरांच्या उंचीवर. क्रांती झाली आणि माझं पत्रक अजून कपाटाच्या पायाखालीच आहे.

हेही एक पत्रकच. मला दुसरं काही लिहिता येत नाही. यात मिरच्या बांधायच्या तर बांधा, पण त्याआधी एक करा. उद्या सकाळी तुमच्या गावच्या बालवाडीत जा, कपाटाची चावी मागा आणि एखाद्या पोराच्या हातात पहिला ठोकळा पडेपर्यंत तिथून हलू नका.