पुतळ्याचा खेळ

पालक तिला घोरपडबाई म्हणत. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी ही बाई परवानगीसाठी मुख्याध्यापकांना इतकी चिकटली, की शेवटी त्यांनी उन्हाळी शिबिरासाठी मागचं अंगण देऊन टाकलं. तिथे ती मुलांना कोळी, सरडे, पाखरं दाखवायची. पत्र्याखालचं गांधीलमाश्यांचं पोळंही तिने काढू दिलं नाही. उलट त्यावरच खेळ बेतला. माशी आली की पुतळा व्हायचं. हलला तो आउट, त्याने वर्गात जाऊन बसायचं. कोणी ‘पळा’ म्हणून फसवलं तरी हलायचं नाही. माझी मुलगी त्यात कधीच हरायची नाही.

एका दुपारी मी तिला आणायला गेले, तर एका मुलाचे वडील बांबू घेऊन पोळ्याखाली उभे होते. आदल्या दिवशी त्यांच्या मुलाला माशी चावली होती.

“अहो, मुलं आहेत इथे!” बाई ओरडली.

“तुमचं प्राणिसंग्रहालय आजपासून बंद!” म्हणत त्यांनी बांबू हाणला.

पोळं फुटलं, माश्यांचा लोळ उठला. गृहस्थ बांबू टाकून फाटकाबाहेर पसार झाले. आणि अंगणातली सगळी मुलं जागच्या जागी पुतळे झाली.

“पळा!” बाई किंचाळली. मीही किंचाळले. एक हलेल तर शपथ! माझ्या मुलीच्या पापणीवर माशी डंख मारत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात अंगाला घट्ट चिकटलेले.

मग बाईने समोरच्या मुलाला धाडकन ढकललं. “हललास! आउट! वर्गात जा!” तो रडत धावला. दुसऱ्याच्या पाठीत लाथ. “आउट!” तिसरीला दंड धरून भिरकावलं. मी पोचेपर्यंत माझी मुलगी फरशीवर तोंडावर आपटली होती. दात तुटला. रक्त थुंकत ती वर्गात पळाली. बाई सर्वांत शेवटी आत आली. तिच्या केसांत माश्या वळवळत होत्या.

दवाखान्यात बांबूवाल्यांनी तिला खाटेवरून ओढलं. “मुलांना लाथा घालतेस?” माझ्या नवऱ्याने त्यांचा हात पिरगाळला. “आधी तुमच्या बांबूचं बोला.”

या झटापटीत माझी मुलगी खाटेजवळ गेली. ओठ सुजलेला, आवाज रागाने थरथरत होता.

“मी हललेच नव्हते. तुम्ही ढकललंत. ही चीटिंग आहे!”

बाईचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“नव्हतीस गं हलली. तूच जिंकलीस.”