पहिल्या तारखेला न येणारा माणूस

नाना आमच्या हॉलमध्ये शिरले की कुणाकडे न बघता सरळ एसीच्या जाळीखाली जाऊन उभे राहायचे. हात वर करायचे आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी हाताची मागची बाजू वाऱ्यात धरायचे. थोडा वेळ डोळे मिटायचे. मग स्वतःशीच म्हणायचे, "मजामा शे." यंत्र मजेत आहे, अशी खात्री पटल्यावर मग कुठे आम्हाला नमस्कार.

आम्ही मजेत आहोत का, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. बरोबरच होतं. तो एसी आमच्यासाठी नव्हताच. नव्वदच्या आसपास जळगावातल्या आमच्या पतसंस्थेत संगणक आले आणि त्यांना उकडू नये म्हणून साहेबांनी तो बसवून घेतला. त्याआधी खानदेशच्या उन्हाळ्यात आम्ही वर्षानुवर्षं ओला रुमाल मानेवर टाकून आकडेमोड करत होतो, पण आम्हाला काही कंपनीची गॅरंटी नव्हती.

नाना धुळ्याचे, देवपुरात राहायचे. एसटीनं येत. एसीच्या देखभालीचा वर्षाचा करार त्यांच्याकडे होता. करार छापील होता, मुंबईहून आलेला. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी, या महिन्यांच्या पहिल्या तारखेला येऊन यंत्र तपासावं आणि कार्डावर सही घ्यावी, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. नाना त्यातल्या एकाही तारखेला कधी आले नाहीत.

त्याला कारण आमच्या मागची, कापसातून सरकी वेगळी काढणारी जिनिंग होती. दिवाळीनंतर तिथे कापसाच्या गाड्या लागत आणि होळीपर्यंत बारीक तंतू हवेत उडत राहत. ते येऊन बसत आमच्या गच्चीवर, एसीच्या मोठ्या यंत्राच्या जाळीत. एकदा मी नानांबरोबर वर गेलो होतो. नारळाच्या काथ्याचा ब्रश आतून बाहेर फिरवत त्यांनी त्या जाळीतून गोधडीएवढा थर काढला आणि माझ्यासमोर धरला. म्हणाले, "इतलं पांघरीसन तुमी मे महिनामा बसशात का भाऊ?" मी नाही म्हणालो. म्हणून नाना हिवाळ्यात तीनदा येत, जिनिंग बंद झाली की चौथ्यांदा, आणि पावसाळ्यात फिरकतही नसत. मुंबईत बहुधा कापूस उडत नसावा.

तीन वर्षांत एसी एकदाही बंद पडला नाही. आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? तुम्ही सरळ माणसं. आमच्या लेखापरीक्षकांनी कार्ड पाहिलं आणि लाल शाईनं शेरा मारला, की एकही भेट कराराच्या तारखेला झालेली नाही. करार पुढे चालू ठेवायचा की नाही, ते आता साहेब ते कार्ड बघून ठरवणार होते.

मला नानांचा करार जायला नको होता. मी त्यांना बाजूला घेतलं, कोरं कार्ड पुढे केलं आणि समजावलं, की नाना, काम तुम्ही केलंच आहे, फक्त तारखा कराराच्या टाका, मी सह्या करतो, जुनं कार्ड हरवलं म्हणून सांगतो. संस्थेत निम्मे कागद असेच तयार होत. नानांनी कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि परत दिलं.

"ज्या दिन मी उना नही, तो दिन कसा लिखू भाऊ?"

मी वैतागलो. हरिश्चंद्राला निदान राज्य तरी होतं, याच्याकडे एक ब्रश आणि पाने-पकडीची पिशवी, असं मनात म्हटलं. आणि साहेबांनी सांगितलं तशी टिप्पणी लिहून दिली: 'कंत्राटदार अनियमित असल्याने कराराचे नूतनीकरण करू नये.' माझं अक्षर चांगलं असल्यानं अशी कामं माझ्याकडेच येत. त्या अक्षराची मला आजही लाज वाटते.

नवा माणूस फार नियमित होता. पहिल्या तारखेला, साडेदहाच्या ठोक्याला हजर. पांढरा शर्ट. खुर्चीत बसे, चहा घेई, कार्डावर सही घेई आणि जाई. गच्चीचा जिना कुठल्या बाजूला आहे हे त्यानं वर्षभरात विचारलं नाही. लेखापरीक्षक कार्ड पाहून प्रसन्न झाले.

पुढच्या मे महिन्यात एसी बंद पडला. नवा माणूस सापडेना, कारण पहिली तारीख लांब होती. संगणक घामाघूम झाले आणि साहेबांना अचानक नाना आठवले. त्यांनी जीप देऊन मला धुळ्याला पिटाळलं.

देवपुरात घर सापडलं. नानांच्या बायकोनं पाणी दिलं. मी घाईघाईत कामाचं बोललो. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "त्या त माघमा गयात भाऊ. फागुन लागू द्या म्हनेत, माले जळगावले जानं शे, जाळीमा कापूस बसेल व्हई."

नानांना जाऊन तीन महिने झाले होते. करार मोडल्याचं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं, की स्वतःच मनावर घेतलं नव्हतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. निघताना बाईंनी खुंटीवरच्या पिशवीतून ब्रश काढून माझ्या हातात दिला.

"हाऊ लई जा. आते आठे कोन वापरस."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गच्चीवर चढलो. ब्रश आतून बाहेर फिरवला. थर निघता निघेना. हाताला फोड आले, पण संध्याकाळी यंत्र सुरू झालं. खाली हॉलमध्ये येऊन मी जाळीखाली हाताची मागची बाजू धरली. वारा गार होता. डोळे मिटून घेतले तेव्हा सगळे बघत असावेत.

मग नानांचं जुनं कार्ड कपाटातून काढलं. शेवटच्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख टाकली आणि लिहिलं, 'जाळी साफ केली.' काम करणाऱ्याच्या रकान्यात कुणाचं नाव घालायचं ते मला कळेना. ती जागा कोरीच ठेवून मी कार्ड पुन्हा कपाटात ठेवलं.