शेवंतीची खोप

टेप माझ्या हातात होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी सरपंचावर, भाटकारावर आणि पणजीहून आलेल्या त्या दरपत्रकावर तोंडसुख घेणार आहे. त्यातून मला वगळू नका.

पेडणे तालुक्यातल्या एका पंचायतीत मी अठ्ठावीस वर्षं कारकून होतो. गाव लहान. शेवंती आमच्याच वाड्यावरची. माहेर पार्स्याचं. नवरा सगुण डिचोलीच्या खाणीवर ट्रकात माती भरायला जायचा आणि शनिवारी संध्याकाळी लाल होऊन घरी यायचा. दोन पोरी, एक गाय आणि भाटकाराच्या जमिनीत तीन खोल्यांचं घर, एवढा तिचा संसार. दिवसभर चिऱ्यांच्या खाणीवर काम, तिथून आलं की माडाच्या झावळांचे झाप विणायचे आणि शुक्रवारी म्हापशाला नेऊन विकायचे. ते ठेवायला तिने घरामागे एक खोप बांधली. बांधली म्हणजे तिने स्वतः. खाणीवर फुटके चिरे टाकून देत, त्यातला एक रोज घरी येताना डोक्यावरून आणायचा. साडेतीन वर्षं हे चाललं होतं. सगुणने फक्त वरचे वासे घातले.

आमच्याकडे अशा घरवाल्यांना मुंडकार म्हणतात. जमीन भाटकाराची, वर घर ह्यांचं. गोवा सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी कायदा आला, की मुंडकाराचं घर आणि भोवतालची थोडी जागा त्याच्या नावावर होऊ शकते. तेव्हा नावं लिहून घेण्यात आली. शेवंतीचा सासरा भोळा. त्याने घर लिहून दिलं, गोठा सांगायचा राहिला. पुढच्याच वर्षी भाटकार गोकुळदासबाबांचं कुंपण गोठ्याच्या मधून गेलं. कागदावर नाही ते तुझं नाही, असं म्हाताऱ्याला तोंडावर सांगितलं गेलं. त्या दिवसापासून अख्ख्या वाड्याने एकच गोष्ट गाठीला बांधली. सरकारचा माणूस कशासाठीही आला, तरी सगळं लिहून घ्यायला लावायचं.

आणि मग सत्त्याऐंशी साली घरपट्टीचे नवे दर आले. साठ चौरस मीटरपर्यंत लहान घर, साठच्या वर मोठं घर. बस, दोनच गट. लहान घराची पट्टी पूर्वीपेक्षा थोडी जास्त, मोठ्या घराची तिच्या सहापट. मोठं म्हणजे किती मोठं, हे विचारायची अक्कल तो कागद लिहिणाऱ्याला नव्हती, किंवा फार चांगली होती. एकसष्ट मीटरवाला आणि सहाशे मीटरवाला एकाच रांगेत.

घरं मोजायला मी निघालो तेव्हा सरपंच कृष्णनाथ म्हणाले, "मेजताना तोंड उघडू नको. लोकांना पट्टीचं कळलं तर खोल्या लपवतील." मी मान डोलावली. नोकरी होती.

शेवंतीचं घर मोजलं. सत्तेचाळीस मीटर भरलं. मी टेप गुंडाळायला लागलो, तर ती धावत आली.

"खोप कित्याक सोडतस रे गुरुदासा? ती पण मेज. न्हाणी पण मेज. सगळां लिवन घे."

मी म्हणालो, "वयनी, त्याची काय गरज नाय."

"गरज नाय कशी? सासऱ्यान गोठो सांगूक नाय, काय झालां तां बघलंस मरे?"

तिने टेपचं दुसरं टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि भिंतीला न लावता पागोळ्यांच्या रेषेवर धरलं, म्हणजे चारी बाजूंनी हातभर जागा जास्त लिहिली जावी! सरकारला फसवल्याचा केवढा आनंद होता तिच्या तोंडावर. खोप आणि न्हाणी धरून बासष्ट भरले. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. घरपट्टी वाढेल, हे दोन शब्द. मी गूळ खाल्ला, पाणी प्यालो आणि पुढच्या घराकडे गेलो.

दोन महिन्यांनी बिलं निघाली. शेवंतीच्या फुटक्या चिऱ्यांच्या खोपीला आणि गोकुळदासबाबांच्या चौदा खोल्यांच्या घराला एकच आकडा. मीच लिहिला, माझ्याच अक्षरात. संताप आला, पण तो गिळून लिहिला.

ती बिल घेऊन पंचायतीत आली. सरपंचांच्या समोरच्या खुर्चीवर गोकुळदासबाब चहा पीत बसले होते. त्यांनीच तिला गोड आवाजात समजावलं. चूक झाली असेल, अर्ज कर, खोप यादीतून काढून टाकतील, पट्टी लहान घराची होईल. सरपंचांनी टाइप केलेला अर्ज खणातून काढला. इतक्या लगेच! मला तेव्हा उमगलं की हा कागद बिलाच्या आधीच तयार झाला होता. शेवंतीचा गोकुळदासबाबांविरुद्धचा मुंडकारीचा खटला पेडण्याला मामलेदाराकडे चालू होता, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"आंगठो मार," सरपंच म्हणाले. "तुझ्याच फायद्याचां."

शेवंतीने कागद माझ्यासमोर धरला. "वाच."

सरपंच माझ्याकडे बघत होते. मी वाचलं. या वेळी मात्र मोठ्याने वाचलं. सदर खोप माझी नसून ती माझ्या ताब्यात नाही, त्या जागेवर माझा कोणताही हक्क नाही.

"परत वाच."

मी परत वाचलं. गोकुळदासबाबांनी कप खाली ठेवला.

"खोप माजी न्हय, असां मी सांगूचां?" ती म्हणाली. "ते चिरे मिया माथ्यार हाडलेत. एकेक. माज्या माथ्याचे केस गेले त्यान. बंगल्याची पट्टी भरतंय मी. पण खोप माजी न्हय म्हणून सांगूचंय नाय."

ती गेल्यावर मी सरपंचांना विचारलं, साठच्या वर आणखी दोन गट करायला पंचायतीने वर लिहावं का. ते म्हणाले, "तुझां काम लिवचां, विचार करूचां न्हय."

शेवंतीने बंगल्याची पट्टी भरली. पहिल्या वर्षी गाय विकली. नंतर झाप वाढवले, पोरींना विणायला बसवलं. धाकटीची शाळा चौथीत सुटली, ती त्या झापांपायी सुटली, हे कोणी कुठल्या कागदावर लिहिणार नाही. दर एप्रिलात ती पहिली यायची. खोप आपलीच असल्याचा पुरावा म्हणून त्या पावत्यांचं भेंडोळं तिने मामलेदारापुढे टाकलं आणि सहाव्या वर्षी खोपीसकट घर तिच्या नावावर झालं. वाड्यावर पेढे वाटले तिने. पट्टी मात्र तीच राहिली, कारण गट दोनच होते.

सगुण गेल्यावर एका एप्रिलात ती आली तेव्हा थकली होती. पदराची गाठ सोडून पैसे टेबलावर ठेवले. मी पावतीपुस्तक उघडलं. ती सहज म्हणाली, "गोकुळदासबाब कधी भरतत? माजी आणि तेंची सारकीच मरे?"

अकरा वर्षं मी त्या माणसाच्या नावापुढे बाकी लिहीत होतो. नोटीस काढू का, असं एकदा विचारलं होतं, तर सरपंच हसले होते. शेवंतीला एक दिवस उशीर झाला असता तर तिच्या दारावर नोटीस मीच चिकटवली असती.

"भरूक नाय," मी म्हणालो. "एकदाय नाय."

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, माझ्या मागच्या कपाटाकडे बघितलं.

"मगे तू हंय कित्याक बसलंस?"

मी पावती फाडली आणि तिच्या हातात दिली.