चोवीस मुली आणि सुटलेली म्हैस

चौतीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, दंगली असं सगळं हाताळलं. पण नातवंडं 'एक केस सांगा' म्हणतात तेव्हा मला पहिल्यांदा आठवते ती हुरड्याच्या दिवसांतली एक दुपार, जेव्हा एका आजीने माझ्यासारख्या ठाणेदाराला तपास कसा करतात ते शिकवलं.

तेव्हा मी तेरखेड्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीत आमच्या शिवारात सोलापूरकडून सहली यायच्या. त्या दिवशीही एका कॉलेजच्या वसतिगृहातल्या चोवीस मुली मिनीबसने हुरडा खायला आल्या होत्या. आगटीत भाजलेली कणसं, गूळ, शेंगदाण्याची चटणी, मग बैलगाडीतून फेरी असा त्यांचा कार्यक्रम. तीनच्या सुमारास बस परत निघाली.

साडेतीनला एक आजी ठाण्यात आल्या, मागे त्यांचा पुतण्या. आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर हात आपटला.

"माजी नात न्हाय. शिवारात न्हाय, गोठ्यात न्हाय, हिरीवर न्हाय."

नात एकोणीस वर्षांची. आईबाप नव्हते, आजीनेच वाढवलेली. सहल उतरली होती ते शेत आजीच्या शेताला लागूनच. हुरडा चोळायचा कसा, हे त्या मुलींना सकाळी याच नातीने शिकवलं होतं. पुतण्याचा निष्कर्ष तयार होता.

"साहेब, पळवून नेलीय तिला. अपहरणाचा गुन्हा दाखल करा."

मी मिसिंगची नोंद घ्यायला सांगितली आणि महिला हवालदारांना शेतावर पाठवलं. तेवढ्यात फाट्यावरच्या चहावाल्या चाचांचा फोन आला. हे चाचा तीस वर्षं त्याच फाट्यावर बसतात. आमच्या गोपनीय शाखेपेक्षा त्यांना जास्त माहिती असते.

"साब, आजीची नात त्या पोरींच्या बसमधी बैठी है. गॉगल लगाके!"

"तुम्ही ओळखलं कसं?"

"पाणी घ्यायला बस थांबली. तेवीस पोरी खिडकीतून चिल्लम्‌चिल्ली करत होत्या. एकच सीटखाली वाकली. लपणारा मानूस मला लगेच दिसतो, साब."

सहलीच्या मॅडमचा नंबर शेतमालकाकडे होता. मी त्यांना बस आहे तिथे थांबवायला सांगितलं. बस येडशीजवळच्या एका ढाब्यावर थांबली. मी म्हणालो, "मॅडम, मुली मोजा." पाच मिनिटांनी उत्तर आलं, "चोवीस आणल्या होत्या, चोवीसच आहेत." आवाजात जरा रागही होता.

आकडा बरोबर आला आणि मी चाचांवरच संशय घेऊ लागलो. इतक्यात महिला हवालदारांचा फोन आला.

"साहेब, इथं एक पोरगी सापडली."

"आजीची नात?"

"न्हाय, दुसरीच. सोलापूरची. आजीच्या गोठ्यात गव्हाणीवर चढून उभी हाय. म्हशीला भ्यालीय. म्हणते, मी तिची ड्युटी करायला थांबले."

म्हणजे अदलाबदल झाली होती. ही मुलगी बाकी सगळं सांगत होती, पण स्वतःचं नाव मात्र सांगायला तयार नव्हती. "माझं नाव सांगितलं, तर यादीवरून मैत्रीण सापडेल," म्हणाली. मैत्री सकाळी दहाची.

मी जीप घेऊन येडशीला निघालो. आजी आणि पुतण्या मागून दुसऱ्या गाडीत. ती हद्द शेजारच्या ठाण्याची, म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांना वायरलेसवर कळवलं.

ढाब्यावर पोहोचलो तेव्हा मॅडम घामाघूम झाल्या होत्या. बिचाऱ्या बदलीवर आलेल्या, वसतिगृहात रुजू होऊन त्यांना तीनच दिवस झाले होते. मुलींचे चेहरे अजून ओळखीचे नव्हते, हातात फक्त यादी. मी हजेरी घेतली. चोवीस नावं, चोवीस वेळा 'हजर'. ओळखपत्रं मागितली, चोवीसही निघाली. पण ओळखपत्रावरचा फोटो असा असतो की त्यावरून खुद्द मालकालाही अटक करता येऊ नये. तपास तिथे संपला.

मग दरडावलं, "खेड्यातली मुलगी कोण, तिनं उभं राहावं."

चोवीसच्या चोवीस उभ्या राहिल्या. अट्टल गुन्हेगार माझ्यासमोर फुटलेले आहेत, पण एकमेकींना धरून असलेल्या कॉलेजच्या मुली फोडायचं प्रशिक्षण आमच्या अकादमीत देत नाहीत.

मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवर खूष झालो. शेतमालकाने भेट दिलेलं भाजलेल्या कणसांचं पोतं बसमध्ये होतं. मी प्रत्येकीच्या हातात कणीस दिलं. शहरातली मुलगी भुसा चावत बसेल, गावची तळहातावर चोळून एका फुंकरीत दाणे मोकळे करेल, हे सरळ होतं.

तेवीस मुलींनी सराईतपणे कणसं चोळली, फुंकर मारली, दाणे तोंडात टाकले. सगळा भुसा माझ्या टोपीवर. सकाळी गुरू चांगला मिळाला होता. एकीनेच कणसाचा पार चेंदा केला, कुसळांसकट खाल्लं आणि ठसका लागून डोळ्यांतून पाणी काढलं. मी तिला पाणी दिलं आणि मनातल्या मनात यादीतून वगळलं.

तेवढ्यात आजींची गाडी आली. माझ्यासोबतच्या हवालदारांनी हात धरून त्यांना बसमध्ये चढवलं, पुतण्या मागून चढत होता. मी म्हणालो, "आजी, तुम्हाला दिसत नाही, राहू द्या. आम्ही बघतो."

"तुमी बगितलं की," आजी म्हणाल्या. बसच्या मधोमध उभ्या राहिल्या, दम घेतला आणि शिवार हादरेल असा आवाज दिला.

"अगंऽ म्हस सुटली!"

पाचव्या रांगेतली एक मुलगी ताडकन उठली. "दावं कुणी सोडलं? तिकडं हिरव्या कडवळात शिरंल ती!"

ती ठसका लागलेलीच होती.

पुतण्या तिच्या अंगावर धावला. मी त्याला खाली उतरवलं आणि तिचा जबाब घ्यायला बसलो. तिने गॉगल काढला. घाबरली होती, पण मान खाली नव्हती.

"तुला कुणी फूस लावली?"

"न्हाय साहेब. दर हिवाळ्यात ह्या पोरी येत्यात. चूल बघत्यात, म्हस बघत्यात, म्या भाकरी थापते ते बघत्यात. फोटो काढून सांजच्याला जात्यात. मला बी एक दिस बगायचं हुतं, ह्या घरी जाऊन काय करत्यात."

"आजीला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं, तर व्हय म्हणली असती का?"

मी आजींकडे पाहिलं. वाटेत गाडीत त्या एकसारख्या रडत होत्या, असं मला नंतर ड्रायव्हरने सांगितलं. डोळ्यांसमोरची एकच पोरगी, आणि डोळेही धड नाहीत.

पुतण्या खालून ओरडत होता, "गुन्हा दाखल करा!" मी त्याला समजावलं, "मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं गेली. कलम कुठलं लावू?"

"तू गप रं," आजी खिडकीतून म्हणाल्या. मग नातीचा चेहरा हाताने चाचपला. "किती दिस?"

"उद्या दुपारपातुर."

"जा. पर ती दुसरी पोरगी तवर माज्याकडं ऱ्हाईल. धारंला कुणी तरी पायजे."

मॅडम मटकन सीटवर बसल्या. गोठ्यातल्या मुलीच्या वडिलांना मी स्वतः फोन लावला. सगळी हकीकत ऐकून ते गंभीरपणे म्हणाले, "साहेब, घरी ती स्वतःचं ताट उचलत नाही. आठवडाभर ठेवा." मॅडमनी नातीला पाहुणी म्हणून वसतिगृहात घ्यायचं कबूल केलं आणि बस सोलापूरला गेली.

ठाण्यात परतल्यावर अंमलदाराने स्टेशन डायरी उघडून विचारलं, "साहेब, काय लिहू? मुलगी मिळून आली, का गेली?"

"दोन्ही लिहा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या आवारात दोघी एकमेकींना भेटल्या. सोलापूरच्या मुलीच्या केसांत कडबा होता. म्हशीने तिला एक थेंब दूध दिलं नव्हतं, धार शेवटी शेजारणीने काढली. आजी म्हणाल्या, "गुणाची हाय, पर भाकरी नकाशावानी थापती." मी नातीला विचारलं, काय पाहिलंस?

"लई बगितलं. पर साहेब, तिथं बी आठच्या आत पोरी पळत येत्यात, गेट बंद व्हतंय म्हणून. दावं तिथं बी हाय, जरा लांब हाय इतकंच."

हरवलेल्या माणसाचा फॉर्म भरताना आम्ही उंची विचारतो, रंग विचारतो, अंगावर काय होतं, शेवटी कुठे दिसली ते विचारतो. त्या दिवसानंतर मी घरच्यांना एक प्रश्न आणखी विचारू लागलो: तिला कुठे जायचं होतं? अनेक तपास त्या एका प्रश्नाने सोपे झाले. पण बहुतेक घरांत त्याचं उत्तर कुणाला माहीत नसायचं. आधी कुणी विचारलेलंच नसायचं.

पहिल्यांदा तो प्रश्न मी आजींनाच विचारला, दोघी परत भेटल्या त्याच दुपारी, ठाण्याच्या पायरीवर.

"आजी, तुम्हाला कधी कुठं जावंसं वाटलं?"

"हैद्राबाद बगायचं हुतं. माजा सासरा लई सांगायचा. तवा कुणी नेलं न्हाय."

"मग आता जा की. उमरग्यावरून सरळ रस्ता आहे."

आजींनी दोन्ही मुलींचे हात धरले आणि पायरीवरून खाली पाय टाकला.

"जाईन की," त्या म्हणाल्या. "पर साहेब, तवा तुमी मागं जीप लावू नका."